प्रवासी गाड्या तोट्यात चालतात म्हणतात, मग तो तोटा भरतं कोण? भाडं सरळ का वाढवत नाहीत?

तुम्ही विचारलंय तेच मलाही कित्येक वर्षं पडलेलं कोडं होतं. मी पासवर अप-डाउन करणारा माणूस आहे. 2016 पासून तिकिटावर एक ओळ छापून यायला लागली, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त 57 टक्केच रेल्वे वसूल करते, आणि काही तिकिटांवर तर हेही असायचं की उरलेले 43 टक्के देशाचे सामान्य नागरिक सोसतात. ते वाचलं की आपण कुणाच्या तरी उपकारावर गाडीत बसलोय असं वाटायचं, आणि मला त्याचा राग यायचा.

आता हिशोब बघा. 2022-23 साठी सरकारने संसदेत प्रवासी तिकिटांवरच्या सवलतीचा 56,993 कोटींचा आकडा दिला, म्हणजे 100 रुपये खर्च तिथे तिकिटाचे 54. आपल्याला वाटतं हे सगळे पैसे आपल्या टॅक्समधून जातात, पण तसं नाही, यातला बहुतेक भाग मालगाडी भरते. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालांत हे वर्षानुवर्षं येतंय, की मालवाहतुकीच्या नफ्यातून प्रवासी तोटा भागवला जातो. माल म्हणजे मुख्यतः कोळसा, त्याचं भाडं चढं ठेवलं की वीज महाग पडते, म्हणजे जो माणूस आयुष्यात कधी गाडीत बसला नाही तोही लाइटबिलातून माझ्या पासचे पैसे देतोय. आणि सिमेंट, धान्य, कांदा वगैरे माल हळूहळू ट्रककडे गेला, कारण ट्रक दारातून उचलतो आणि वेळेवर पोचवतो, इकडे मालगाडी लूपलाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी आणि मेल-एक्सप्रेस पुढे. स्वातंत्र्यानंतर देशातला बहुतेक माल रेल्वेने जायचा, आता तो वाटा 30 टक्क्यांच्याही खाली आलाय.

तोटा वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. मुंबई लोकलचा सेकंड क्लासचा पास महाग केला तर कर्जत-कसाऱ्याहून येणारी माणसं कामावर जाणार कशी? पण ही सेवा सरकारला हवी असेल तर पैसे सरकारने उघडपणे मोजायला हवेत ना. जर्मनीत 1996 पासून जवळच्या पल्ल्याच्या गाड्या राज्य सरकारं मागवतात, करार होतो, या मार्गावर तासाला एवढ्या गाड्या आणि त्याचे एवढे पैसे. आपल्याकडेही सीमेजवळच्या सामरिक लाइनींचा तोटा केंद्र भरून देतं, म्हणजे पद्धत माहीत नाही असं नाही, पण पॅसेंजर गाडीला ती लावत नाहीत.

पैसे कुणी देत नाही मग काय होतं तर सेवा गुपचूप कमी होते. कोविडनंतर साध्या पॅसेंजर एक्सप्रेस-स्पेशल म्हणून सुरू झाल्या आणि कमीत कमी तिकीट 10 चं 30 झालं, ते परत 10 वर यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. आमच्या गाडीला सकाळी मेथी-पालकाच्या जुड्या ओल्या गोणपाटात बांधून चार-पाच बायका चढायच्या, दाराजवळच बसायच्या, पुढच्या स्टेशनला उतरून बाजार करायच्या. जाऊन-येऊन 60 रुपये म्हणजे कितीतरी जुड्या नुसत्या तिकिटात. त्यातल्या दोघी वडापने, म्हणजे शेअर जीपने, जायला लागल्या, बाकीच्या दिसल्याच नाहीत. हे भाडं वाढवताना संसदेत चर्चा नाही, बजेटमध्ये ओळ नाही, आणि 2017 पासून तर वेगळं रेल्वे बजेटच उरलं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की एसी क्लासचं भाडं थोडंथोडं वाढवा, जुलै 2025 मध्ये किलोमीटरला 2 पैसे वाढवलंच आहे, पण पॅसेंजर आणि लोकलच्या तोट्याची रक्कम मार्गानुसार बजेटमध्ये छापा आणि केंद्राने नि राज्याने मिळून ती भरा. मुंबईतल्या एमयूटीपीच्या, म्हणजे लोकल सुधारण्याच्या प्रकल्पाच्या, कामांचा खर्च रेल्वे आणि महाराष्ट्र सरकार वाटून घेतातच, मग गाड्या रोज चालवायचा का नाही?