वाल्पीचा जुना फोटो: तारखेआधी प्लेटच्या कडा मागा

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातलं होपी आदिवासींचं गाव म्हणून तुम्ही टाकलेल्या जुन्या फोटोखालची 'ओरायबी, अंदाजे १८७९' ही ओळ वाचली आणि माझाच जुना मनस्ताप आठवला. हे ओरायबी नाही. ते होपींचं दुसरं गाव, थर्ड मेसावर (मेसा म्हणजे सपाट माथ्याचा डोंगर). हे वाल्पी, फर्स्ट मेसाच्या टोकावरचं. डोंगराचा कडा आणि घराची भिंत यांतला सांधा शोधावा लागतो तो इथंच. फोटो उलटा छापलेला नाही ना, हे तुम्ही पाहिलं असेलच.

मला सगळ्यात जास्त छळलं ते एका संग्रहालयाच्या फोटो विभागानं. नाव घेत नाही. त्यांनी स्कॅन पाठवलं ते चारही कडा छाटून. अहो, काचेच्या प्लेटवर, म्हणजे मूळ निगेटिव्हवर, क्रमांक खरवडलेला असतो तो बहुधा कडेलाच! पूर्ण प्लेट मागितली तर म्हणे, 'कॅटलॉगमध्ये तारीख दिली आहे.' फोटो चिकटवलेल्या कार्डाची मागची बाजू मागितली तर वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि तो अर्ज फिरून पहिल्याच टेबलावर. ती तारीख कुणीतरी मागाहून पेन्सिलीनं लिहिलेली निघाली, तीही दुसरीकडच्या प्रतीवरून कळली. अजून संताप होतो. त्यामुळे पैसे भरण्याआधीच 'कडांसकट, पाठीसकट' असं लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर कॅटलॉगपेक्षा फोटोतल्या घरांच्या धाब्यांवर, म्हणजे सपाट छपरांवर, भरवसा ठेवा. बुडं काढलेली मडकी एकावर एक रचून केलेली धुराडी भिंगाखाली बघा. व्हिक्टर मिंडेलेफच्या या गावांच्या बांधकामावरच्या, १८९१ साली छापलेल्या अहवालात त्यांची चित्रं आहेत. तेच मडकं, तीच चीर दोन फोटोंत सापडली तर त्यांत फार वर्षांचं अंतर नसावं. फोटोग्राफर जॉन हिलर्स इकडे आलेल्या १८७९ च्या मोहिमेत होता, दुसरा फोटोग्राफर अ‍ॅडम व्रोमन १८९५ मध्ये पहिल्यांदा गेला. दोघांचे फोटो शेजारी ठेवून कुठली खोली पडली, कुठली वाढली ते ताडा. गिलाव्यावरून मात्र काही ठरवू नका, होपी बायका तो पुन्हा पुन्हा लिंपत. अर्थात मी वास्तुविशारद, अभिलेखागारातला जाणकार नव्हे, पडताळून घ्या.

आभाळ कोरं पांढरं आहे म्हणून प्रत फिकी पडली असं समजू नका. ओल्या कोलोडियनवर, म्हणजे त्या काळच्या काचेच्या प्लेटवरच्या रासायनिक लेपावर, निळा रंग तसाच पांढरा उतरतो. आणि शोधताना 'मोकी' (होपींचं) आणि 'तुसायान' (त्यांच्या मुलखाचं) ही जुनी नावंही टाका.

छापायचा विचार असेल तर आधी होपींच्या सांस्कृतिक जतन कार्यालयाला विचारा. गावांत आज फोटो काढायला बंदी आहे, आणि ती का आली हे त्या काळचे सर्पनृत्याचे, म्हणजे होपींच्या एका पवित्र विधीचे, फोटो पाहिले की समजतं. विधींचे फोटो संग्रहात सहज मिळाले तरी मी ते वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.