कॉलेजात शिकवताना स्वतःची प्रगती आणि स्वतःची तब्येत, दोन्ही कसं सांभाळायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सहा वर्षं शिकवताय, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं एका फाईलीत मावत नाहीत, तरी वर्गात उभं राहिलात की पहिल्या वर्षी जे करत होतात तेच करता. सुट्टीच्या दुपारपासूनच दुसऱ्या दिवसाचं ओझं वाटायला लागतं. त्यात कॉलेजने 'ताणमुक्ती'वर व्याख्यान ठेवलं, तेही सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची. इथे मला हसू आलं. असं एक व्याख्यान मीही ऐकलंय, मागच्या रांगेत बसून, मांडीवर उत्तरपत्रिका तपासत.

मी संख्याशास्त्र शिकवते, एकविसावं वर्ष चालू आहे. तुम्ही विचारलंय की आधी शिकवणं सुधारायचं की आधी स्वतःला सावरायचं. माझ्या बाबतीत ही दोन कामं एकाच आठवड्यात सुरू झाली, आणि तीही माझ्या इच्छेने नाही.

नवव्या वर्षी माझा आवाज गेला. दिवसाला चार तास, वर्गात शंभरेक मुलं, मागच्या बाकापर्यंत पोचायचं म्हणून वरच्या पट्टीत बोलायची सवय. सुरुवातीला संध्याकाळी घसा बसायचा, मग दुपारी बसायला लागला, मग पहिल्याच तासाला. डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं तर स्वरतंतूंवर गाठी. ऑपरेशन नको म्हणाले. काही दिवस बोलणं बंद, आणि मग आवाज कसा लावायचा ते तज्ज्ञाकडे जाऊन नव्याने शिकायचं. कुजबुजायचंसुद्धा नाही, असं बजावलं, कारण त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. परीक्षा तोंडावर होती, रजा घ्यायला मन होईना. मी वर्गात गेले, फळ्यावर लिहिलं, 'आज मी बोलणार नाही, तुम्ही बोलायचं,' आणि खाली तीन गणितं मांडली. दोघादोघांनी सोडवायची, मी बाकांमधून फिरणार.

त्या पंचवीस मिनिटांत जे दिसलं ते नऊ वर्षांत दिसलं नव्हतं. निम्मी मुलं सूत्र बिनचूक वापरत होती, पण आलेलं उत्तर मोठं की लहान, हे त्यांना सांगता येत नव्हतं. एकाचा व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, उणे आला होता. फरकांचे वर्ग करून काढलेली सरासरी उणे कशी येईल? पण तो शांतपणे पुढच्या गणिताला लागला होता. हाच मुलगा माझ्या व्याख्यानात पहिल्या बाकावर बसून मान डोलवायचा! मला वाटायचं, याला सगळं कळतंय.

आवाज परत आल्यावर मी यावर शोधून वाचलं. नेल्सन रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली आवाज बिघडलेल्या शिक्षकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका गटाला अंगावर लावायचा छोटा ध्वनिवर्धक दिला, दुसऱ्या गटाला आवाजाची निगा कशी राखावी याचं शिक्षण दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. काही आठवड्यांनी पाहिलं तर ध्वनिवर्धकवाल्यांचा त्रास स्पष्ट कमी झाला होता. निगा राखण्याचं शिक्षण घेतलेल्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. आता तुमची फाईल काढा आणि बघा, त्यातली किती प्रमाणपत्रं 'निगा राखा' म्हणणारी आहेत आणि हातात माईक देणारं त्यात एखादं तरी आहे का. दोष तुमच्या इच्छाशक्तीचा नाही. पाणी प्या, ओरडू नका, खोल श्वास घ्या, हे सगळं खरंच असतं. पण शंभर मुलांचा वर्ग आणि चार तास तसेच राहिले तर चौथ्या तासाला माणूस ओरडणारच.

प्रशिक्षणाचंही तसंच आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० पासून शिक्षक प्रशिक्षणाचा पाठपुरावा केला. त्यांना सतत दिसत राहिलं की सिद्धान्त ऐकून, प्रात्यक्षिक बघूनसुद्धा नवी पद्धत वर्गात फारशी उतरत नाही. ती उतरते ती परत आपल्या वर्गात आल्यावर, रोजच्या कामात कुणी सहकारी सोबत असेल तर. म्हणजे दोन दिवसांच्या वर्कशॉपला खरा अर्थ नंतरच्या दोन महिन्यांत येतो, आणि नेमक्या त्या दोन महिन्यांत आपण एकटे असतो. कॉलेजातल्या शिकवण्याइतकं एकट्याने करायचं काम क्वचितच दुसरं असेल. दार लावलं की आत काय झालं ते आपण आणि मुलं, इतकंच.

म्हणून पहिलं काम सांगते ते हे, आणि बाकी काहीच केलं नाहीत तरी हे करा. एक सहकारी शोधा आणि एकमेकांच्या तासाला जाऊन बसा. तो तुमच्या विषयाचा नसला तर उत्तम. विषय कळत नसला की माणूस शिकवण्याकडे बघतो. माझ्या तासाला भाषा शिकवणारे एक सर आले. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या होत्या. काय बघायचं ते ज्याचा तास त्याने आधी सांगायचं. बघणाऱ्याने फक्त जे घडलं ते लिहायचं, 'छान' नाही आणि 'सुधारणा हवी' तर मुळीच नाही. आणि तो कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर कधीही जाणार नाही. ही तिसरी अट सोडलीत तर सगळं नाटक होतं. मग माणूस सगळ्यात चांगला तास राखून ठेवतो आणि तोच दाखवतो.

मी त्यांना म्हटलं होतं, माझे प्रश्न बघा. त्यांच्या कागदावर लिहून आलं, 'सात प्रश्न विचारलेत. पाचांची उत्तरं तुम्हीच दिलीत. सगळ्यात जास्त थांबलात ते दोन सेकंद.' मला खरं वाटेना. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच हे मोजून ठेवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीनेक सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे मला एका प्रशिक्षणात सांगितलंही गेलं होतं, वहीत सापडलं! पण वहीतलं वाक्य आणि 'दोन सेकंद' हा स्वतःचा आकडा यात फार अंतर आहे. तेव्हापासून प्रश्न विचारला की मी खडू टेबलावर ठेवते आणि मनात पाच आकडे मोजते. सुरुवातीला ते पाच आकडे तासभर चालल्यासारखे वाटतात.

आता एक धोक्याची सूचना, कारण ही मला कुणी दिली नव्हती. पद्धत बदललीत तर त्या सत्रात मुलांचा फीडबॅक खाली येऊ शकतो. माझा आला. 'मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात,' असं लिहिलं होतं. २०१९ साली लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या मुलांवर याचा प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतः डोकं लावून शिकणारी मुलं चाचणीत जास्त शिकलेली दिसली, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि अडखळत शिकताना आपण ढ आहोत असं. म्हणून आता मी पहिल्याच आठवड्यात मुलांना हे उघड सांगते, आणि तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. तुमच्या शंकेखोर प्राचार्यांसाठी आणखी एक आकडा. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापास होणारे सुमारे ३४ टक्के होते, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२.

फीडबॅक फॉर्मबद्दल माझ्या विषयाचा म्हणून एक शब्द. तीस फॉर्मांवरची ४.० आणि ४.२ ही सरासरी म्हणजे एकच आकडा आहे, एवढा फरक योगायोगानेही पडतो. त्यावरून एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला समज देणाऱ्यांनी माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात येऊन बसावं. आणि तुम्ही ज्या एका खोचक शेऱ्याने आठवडाभर झोपला नाहीत, तो एका मुलाने एका वाईट दुपारी लिहिलेला आहे. तीन मुलांनी एकच गोष्ट लिहिली तर कान द्या.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. यावर तुम्ही प्रश्नात एकच ओळ लिहिलीय, पण तुमच्या संध्याकाळी तिथेच जात असणार. मी प्रत्येक पेपरवर मनापासून शेरे लिहायची, आणि मुलं गुण बघून पेपर घडी घालून ठेवायची. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर दाखवलं होतं की नुसते शेरे दिले तर मुलांचं काम सुधारतं, पण शेऱ्यासोबत गुणही दिले की शेऱ्याचा फायदा उरत नाही. म्हणजे मी रात्री जागून जे लिहीत होते ते कुणासाठीच नव्हतं. आता गठ्ठ्यातले पहिले पंधरा पेपर नुसते वाचते आणि चुकांची यादी करते; आठ-दहाच्या वर प्रकार निघत नाहीत. त्यांना क्रमांक देते. पेपरवर फक्त क्रमांक लिहायचा, यादी वर्गात लावायची, आणि गुण सांगायच्या आधी मुलांनी आपापली चूक स्वतः दुरुस्त करायची. तीन रात्रींचं काम दीड रात्रीत होतं, आणि 'चूक क्रमांक चार' हा आमच्या वर्गाचा परवलीचा शब्दच झालाय.

रात्री अकराला मुलांचे मेसेज येतात आणि उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही, हे तुम्ही लिहिलंय. आपण उत्तर देतो कारण बरं वाटतं, कुणाला तरी आपली गरज आहे म्हणून. ते मान्य करा, मग उपाय सोपा आहे. दिवसातल्या दोन वेळा जाहीर करा आणि त्या वेळांतच उत्तर द्या. पहिले दहा दिवस जीव वरखाली होतो. झाबीन झोनेनटाग या मानसशास्त्रज्ञ कामानंतरच्या विश्रांतीवर वर्षानुवर्षं अभ्यास करत आल्या आहेत. त्यांचा मुद्दा असा की काम थांबवणं पुरत नाही, डोक्यातूनही काम जावं लागतं. नुसतं सोफ्यावर पडून तुमच्या डोक्यातून विद्यार्थी जात नसतील तर अंगाला किंवा बोटांना गुंतवणारं काहीतरी शोधा. मी विणकाम शिकले. वाईट विणते.

पण यातलं काहीच पुरणार नाही, अशीही अवस्था असते. क्रिस्टीना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली केली, तिचे तीन भाग आहेत: रितेपणा येईल इतका थकवा, माणसांबद्दल आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. थकवा सगळ्यांना कळतो. दुसऱ्या भागावर, त्या कोरडेपणावर, लक्ष ठेवा. 'या पोरांना काही पडलेलीच नाही' हे वाक्य प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येतं; ते आपल्या तोंडून रोज यायला लागलं की समजायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं. याचा सरळ अर्थ, दुरुस्ती कामाच्या रचनेतही हवी. मात्र मोठ्या सुट्टीतही झोप येत नसेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर ते नुसतं कामाचं राहिलं नाही. सरळ डॉक्टरांकडे जा, माझ्यासारखं आवाज पूर्ण जाईपर्यंत थांबू नका.

कामाच्या रचनेबद्दल वरिष्ठांशी बोलायचं तर 'फार काम आहे' म्हणून जाऊ नका, ते सगळेच म्हणतात. मी दोन आठवडे दर अर्ध्या तासाची नोंद ठेवली आणि तो कागद घेऊन गेले. एकच माहिती तीन ठिकाणी भरण्यात आठवड्याचे चार तास जात होते. तीनपैकी एक फॉर्म रद्द झाला. एकच. पण तेवढ्या वेळात माझं दुसऱ्यांच्या तासांना जाऊन बसणं भागलं. तुम्ही तात्पुरत्या नेमणुकीवर असाल तर असं बोलणं महागात पडू शकतं, हेही मला माहीत आहे. तेव्हा ते काम कायम असलेल्या एखाद्या सहकाऱ्याकडून करवून घ्या. आम्ही कायम असलेले लोक यात फार कमी पडतो.

तुमच्या स्टाफरूममध्ये कुणी दुसऱ्याला वर्गात येऊ देणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. कोणाच्या तासाला मी येऊ, असं विचारूच नका. 'माझ्या तासाला वीस मिनिटं येऊन बसाल का, मी प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबतो तेवढं मोजा,' असं म्हणा. घड्याळ बघायचं काम कोणीही करतं. आणि तुमचा आकडा बघितला की त्यांना स्वतःचा जाणून घ्यायचाच असतो.