जुनी गाडी संस्थेला देताय? आधी आरसी बदला

गाडी वृद्धाश्रमाला द्यायची ठरवलीत, ऐकून फार बरं वाटलं. पण कळकळीने सांगते, किल्ली देण्याआधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, संस्थेच्या नावावर करण्यासाठीचे फॉर्म २९ आणि ३० भरून सह्या घ्या. आमची ओम्नी एका संस्थेला दिली तेव्हा ‘बघू नंतर’ म्हणून ते राहिलं आणि आठ महिने त्यांच्या ड्रायव्हरची ई-चलानं माझ्या मोबाइलवर येत राहिली. चलानाचं एक वेळ सोडा. अपघात झाला तर भरपाईसाठी आरसीवरचं नावच मालक धरलं जातं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि ती नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी. विमा त्यांच्या नावावर करा. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, मात्र तुमचाच, तो नव्या गाडीला लावून घ्या. फास्टॅग बंद करा.

८०जीच्या, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीच्या, आशेवर राहू नका. ती सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही.

आणि संस्थेला मोकळेपणाने विचारा, ड्रायव्हर आणि पेट्रोल परवडेल ना? गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर त्यांच्याच माथी येतो. मग गाडी विकून सरळ चेक द्या. संस्था ८०जीत नोंदलेली असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर त्यावर सवलतही मिळू शकते.