आधी फोटो उघडा, मग पैसे

प्रश्न: मी कुर्ल्याला राहते, नावावर स्कूटर आहे. परवा मेसेज आला, सीएसएमटीजवळ हेल्मेट नाही म्हणून 500 चं चलान. पण त्या दिवशी मी लोकलने ऑफिसला गेले होते, स्कूटर बिल्डिंगखाली कव्हर घालून होती. नवरा म्हणतो भरून मोकळी हो, 500 साठी कुठे भांडत बसतेस. भरू का?

उत्तर: ताई, अजिबात भरू नका, निदान फोटो बघितल्याशिवाय तरी नको. एकदा भरलंत की चूक मान्य केल्यासारखंच होतं, मग नंतर कोण ऐकणार. महाट्रॅफिक अॅपवर किंवा ई-चलानच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाका, चलानवरचा फोटो मोठा करून बघा. गाडी तुमचीच आहे का, कंपनी, रंग, आरसा, सीटकव्हर. मग नंबर एकेक अक्षर करून वाचा. कॅमेऱ्याला माणूस ओळखू येत नाही हो, त्याला फक्त पाटी दिसते आणि पाटीवर चिखल असला किंवा कोणी हौसेने नक्षीदार आकडे काढून घेतले असले की 3 चा 8 व्हायला वेळ लागत नाही, आणि मग तो 8 तुमच्या दारात येतो.

आकडा चुकून वाचला असेल तर सोपं आहे, अॅपमध्येच तक्रार टाका, सोबत आरसी आणि पाटी नीट दिसेल असा स्वतःच्या स्कूटरचा फोटो. पण फोटोत स्कूटर दुसरीच आणि पाटीवर नंबर मात्र अगदी तुमचाच, तर प्रकरण 500 चं राहिलं नाही. कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. लगेच पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या आणि शिक्का मारलेली कॉपी घ्या, कारण उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस आधी कुर्ल्यालाच येणार. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत 167ए आला, त्यात कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवायची असं आहे, म्हणून मेसेजची तारीख आणि गुन्ह्याची तारीख दोन्ही बघून ठेवा.

(माझं सांगते. मलाही एकदा असंच चलान आलं, तावातावाने तक्रार लिहायला बसले आणि फोटो उघडला तर माझ्याच गाडीवर आमचे धाकटे दीर, डोक्यावर काही नाही, हँडलला वडापावची पिशवी. गपचूप भरलं.)

प्रश्न: जुनी कार दीड वर्षापूर्वी कल्याणच्या एकाला विकली. आता मला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचं 2000 चं स्पीडचं चलान आलंय आणि फास्टॅगमधून अटल सेतूचे 250 पण गेलेत. तो माणूस फोन उचलत नाही.

उत्तर: दादा, पैसे मिळाले, चावी दिली, चहा प्यायलात आणि आरसीवर तुमचंच नाव ठेवलंत, बरोबर? गाडी विकली की विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म 29, आणि नाव बदलायला फॉर्म 30. ते झालं नसेल तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने घाटात गाडी तुम्हीच पळवताय. एक्स्प्रेसवेवर जुलै 2024 पासून कॅमेरे चलान काढतायत, त्यामुळे हे शेवटचं नसेल. आधी बँकेला सांगून टॅग बंद करा, आजच. तुमच्या लक्षात उशिरा आलं कारण 14 ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी, कारला टोलच नाही, पठ्ठ्या रोज आला असेल तरी एक पैसा कापला गेला नसणार. मग आरटीओत जा, विक्रीचा कागद, डिलिव्हरी नोट, पैसे आले त्याची बँक एंट्री, जे असेल ते घेऊन. चलानच्या तक्रारीलाही तेच कागद लावा. कागदच नसेल तर मात्र त्या माणसाचं दार वाजवण्यावाचून इलाज नाही, रविवारी सकाळी जा, घरी सापडेल.

प्रश्न: व्हॉट्सअॅपवर चलान आलंय, सोबत एक एपीके फाइल आहे. उघडू?

उत्तर: नको!! एपीके म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल, खरं चलान तशी फाइल पाठवून येत नाही. डिलीट करा, नंबर ब्लॉक करा, आणि उघडलीच असेल तर हे वाचत बसू नका, नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मग 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.