डबा ठेवायचा का काढायचा?

प्रश्न : नमस्कार दादा. आम्ही कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहतो. जुनं घर आहे, खाली सोपा आणि माजघर, वर दोन खोल्या. टीव्ही दोन. खालचा सासूबाईंचा, दुसरा वर. केबलवाला दोन सेट-टॉप बॉक्सचे, म्हणजे डब्यांचे, मिळून महिन्याला ४८० रुपये घेतो. पोरगं पुण्याच्या कंपनीचं काम घरातनंच करतंय, त्याच्यासाठी नेट घेतलंय, ५९९ आणि वर टॅक्स, म्हणजे ७०७ जातात. आता पोरगं म्हणतंय, "आई, दोन्हीकडं पैसे कशाला भरायचे? केबल तोड, मी टीव्हीला लावून नेटवरनं बघायची स्टिक आणतो, सगळं त्यातच दिसतंय." मालक म्हणतात, मॅच दिसली म्हणजे झालं. सासूबाई ७८ वर्षांच्या. त्यांना सकाळी लोकल चॅनेलवर अंबाबाईची आरती लागते, संध्याकाळी सातपासनं दहापर्यंत मालिका, आणि पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर गेलं ते. २०१९ ला पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाला आलं होतं, तेव्हापासनं त्यांनी जी धास्ती घेतलीय ती घेतलीय. मी म्हणतो तोडून टाकावं, पण सासूबाईंपुढं विषय काढायचं धाडस होत नाही. शिवाय पोरानं परवा मित्राची स्टिक आणून खालच्या टीव्हीला लावली, तर चित्र सारखं थांबत होतं आणि मधी गोल फिरत होतं. टीव्हीच जुना झालाय का? काय करू सांगा.
— एक भगिनी, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : ताई, पत्र आलं तसं छापलंय. 'मी म्हणतो' वाचून पुण्यामुंबईच्या वाचकांनी हे पत्र मालकांचं समजू नये. आमच्याकडं बायका असंच बोलतात.

आधी टीव्हीचं. त्याला काही झालेलं नाही. शाहूपुरीत तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्यामुळं टीव्हीवर आळ आला की मला पहिल्यांदा घर बघावंसं वाटतं. तुम्ही लिहिलं नाही, पण नेटचा राउटर वर पोराच्या खोलीत असणार. खाली माजघर, मधी दीड-दोन फुटांची जुनी भिंत. त्या भिंतीतनं बाहेरचा आवाज आत येत नाही, मग वायफाय कुठनं येणार? चांगलं एचडी चित्र दिसायला पाच एमबीपीएस वेग पुरतो, तुमच्या नेटला तो वर भरपूर असेल, खाली पोचत नाही एवढंच. पोराला सांगा, राउटरमधनं एक लॅन वायर जिन्यानं खाली आणायची आणि खाली दुसरा छोटा राउटर बसवायचा. नाहीतर मुख्य राउटरच जिन्याच्या तोंडाशी आणायचा. एवढं केल्याशिवाय स्टिकला नावं ठेवू नका आणि नवा टीव्ही तर मुळीच घेऊ नका.

आता हिशोब. ७०७ रुपये ह्या भांडणात मोजायचेच नाहीत. ते पोराच्या नोकरीचे आहेत, केबल ठेवली तरी जाणार, तोडली तरी जाणार. ज्यांच्या घरी नेट नाही आणि जे फक्त टीव्हीसाठी घेणार आहेत, त्यांनी मात्र ते मोजावेत, म्हणजे स्वस्ताई किती महाग पडते ते कळेल.

राहिले ४८०. ट्रायची, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी दरपद्धत १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली, तेव्हा नुसत्या जोडणीचे म्हणून १३० रुपये ठरले, १८ टक्के कर धरून १५३. पुढं त्याच पैशांत २०० वाहिन्या द्यायच्या आणि घरातल्या दुसऱ्या टीव्हीला ह्या पैशांच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, असं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही बंधनं काढली. तुमच्या केबलवाल्यानं जुनाच दर धरला असेल, तर दोन डब्यांच्या जोडणीचे झाले २१५ च्या आसपास. वरचे २६५ आहेत ते पैशाच्या वाहिन्यांचे, आणि त्या दोन्ही डब्यांवर वेगवेगळ्या लावल्या असतील. केबलवाल्याकडं वाहिन्यांची यादी मागा. तो पॅकचं नाव सांगेल. नाव नको, यादी पाहिजे म्हणा. माझ्या थोरल्या बहिणीच्या यादीत तमिळ सिनेमाच्या दोन वाहिन्या आणि लहान पोरांच्या चार निघाल्या होत्या. अक्काच्या घरात सगळ्यांत लहान माणूस ४४ वर्षांचं आहे.

वरचा डबा कोण बघतं? पत्रात त्याच्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे कोणीच बघत नसणार. तो ह्याच महिन्यात बंद करा. डबा परत देताना पावती घ्या, नाहीतर वर्षानं 'डबा तुमच्याकडंच आहे' म्हणून येतात. खालच्या डब्यावरच्या नको त्या वाहिन्या काढा. एवढ्यानंच बिल निम्म्याच्या आसपास यायला हवं, आणि सासूबाईंना पत्ताही लागणार नाही.

मग पोराची स्टिक. 'सगळं त्यातच दिसतंय' हे पोराचं म्हणणं खरं आहे, पण ते 'सगळं' एका ठिकाणी नाही. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टार ह्या ॲपवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. सह्याद्री बघायची तर प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेलं वेव्हज आहे. आता सासूबाईंच्या सात ते दहामध्ये काय काय येतं ते एका कागदावर लिहून काढा. सगळं एकाच वाहिनीवरचं असलं तर पोरगं जिंकलं. साडेसातला एकीकडं आणि आठला दुसरीकडं असलं, तर ७८ व्या वर्षी त्यांना दर अर्ध्या तासानं एका ॲपमधनं निघून दुसऱ्यात शिरावं लागेल. केबलच्या रिमोटवर त्या आकडा दाबतात. मला खात्री आहे, त्यांना वाहिन्यांची नावंसुद्धा माहीत नसतील, आकडे पाठ असतील.

हे मी हवेत बोलत नाही. २०२२ च्या गणपतीनंतर मीच अक्काच्या घरची केबल तोडली होती. तंत्रातला माणूस म्हणून मोठ्या तोऱ्यात. स्टिक लावली, तेव्हाची ॲप भरली, रिमोटवर नेलपॉलिशचे ठिपके दिले, लाल म्हणजे मागं, गुलाबी म्हणजे चालू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी फोन. "अरे, ह्यात कुणीतरी इंग्रजी बाई बोलायलीय." आवाजानं शोधायचं बटण दाबलं गेलं होतं. तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर पासवर्ड मागत होतं. चौथ्या दिवशी फोन आला नाही, म्हणून मला बरं वाटलं, तर अक्का शेजारणीकडं जाऊन मालिका बघत होती. दिवाळी झाल्यावर डबा परत आला.

आणि मधल्या काळात मॅच. २३ ऑक्टोबर २०२२, दिवाळीचा आदला दिवस, मेलबर्नला भारत-पाकिस्तान. आम्ही सगळे अक्काकडं ॲपवर बघत होतो. एकोणिसाव्या षटकाचे शेवटचे दोन चेंडू राहिलेले, कोहली समोर. आमच्या स्क्रीनवर हारिस रौफ अजून मागं चालत निघालेला आणि गल्लीत बार उडाला. पाठोपाठ दुसरा. आमच्या घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मग अर्ध्या मिनिटानं आम्हाला पहिला षटकार दिसला, आणि कोणी हलेना, कारण दुसराही आहे हे गल्लीनं आधीच सांगून टाकलं होतं. शेवटच्या षटकात तर भाच्यानं खिडक्याच लावून घेतल्या. नेटवर थेट प्रक्षेपण येतं ते चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडून. त्यातले चार-दोन तुकडे ॲप आधी साठवून ठेवतं आणि मग दाखवतं, म्हणजे मधी नेट अडखळलं तरी चित्र अडखळत नाही. त्यात वीस-तीस सेकंद, कधी जास्त, मागं पडायला होतं. केबलही थोडी मागं असते, पण एवढी नाही. 'मॅच दिसली म्हणजे झालं' म्हणणाऱ्या मालकांना विचारा, गल्लीच्या नंतर दिसली तर चालेल का. पेठेत राहून हे परवडत नाही.

पैसे भरताना दोन गोष्टी बघा. काही स्वस्त योजना फक्त मोबाइलवर चालतात. त्या घेऊन टीव्हीवर लावायला गेलं की वरचे पैसे भरा म्हणतात. दुसरं, एका वेळी किती स्क्रीन चालतात ते. वर पोरगं आणि खाली सासूबाई एकाच वेळी बसले आणि योजना एका स्क्रीनची असली, तर पोरानं सिनेमा लावला की सासूबाईंची मालिका अडणार. घरात भांडणाला आणखी काय लागतं? घरातल्या एखाद्या मोबाइल रिचार्जबरोबर ह्यातलं काही आधीच फुकट मिळतंय का, तेही तपासा. आमच्या भाच्यानं वर्षभर दोनदा पैसे भरले होते.

लोकल चॅनेलची आरती आणि किरणोत्सव आता यूट्यूबवरही असतो. शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे सामनेसुद्धा लोक मोबाइलवर बघतात. तेवढ्यासाठी केबल अडत नाही. पण सासूबाईंना मोबाइलवरची आरती आरती वाटते का, ते त्यांनाच विचारा.

आणि पाण्याची गोष्ट. इथं मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूचा आहे, पण केबलच्या बाजूचा नाही. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडं पोराटोरांना पाढ्यासारखं येतं. पाणी ४३ पर्यंत चढेतोवर लोकल चॅनेलसारखी दुसरी सोय नाही, हे खरं. त्याच्या पुढं मात्र २०१९ ला काय झालं ते आठवा. लाइट गेली. लाइट गेल्यावर टीव्ही नाही, गल्लीतल्या केबलच्या पेटीला वीज नाही, राउटर बंद. शिवाय आता बऱ्याच ठिकाणी केबल आणि नेट एकाच माणसाच्या एकाच फायबरवरनं येतात, एक तुटलं की दोन्ही गेलं. त्या दिवसांत आमच्याकडं सेलवरचा रेडिओ तेवढा बोलत होता. तो एक सासूबाईंच्या उशाशी ठेवा, सेल जूनमध्ये बदला. राउटरसाठी छोटी बॅटरी मिळते, ती घेतली तर पोराचं कामही दोन-तीन तास थांबत नाही.

तेव्हा माझं मत सरळ आहे. वरचा डबा काढा, वर स्टिक लावा, खालचा डबा कमी वाहिन्यांवर राहू द्या. एवढं करूनही पोराचा हट्ट राहिला, तर केबल तोडू नका, केबलवाल्याला एक महिना तात्पुरती बंद ठेवायला सांगा. तशी सोय नियमात आहे, आधी कळवावं लागतं. त्या महिन्यात सासूबाईंच्या स्टिकची सगळी जबाबदारी पोराची. सात वाजता त्यानं मीटिंग सोडून खाली यायचं. महिनाभर आला तर तोडा.

आणि धाडस कसलं करताय? सासूबाईंना विचारूनच टाका. अक्काला मी विचारलं नव्हतं, तिथंच माझं चुकलं.

प्रश्न : गगनबावड्याकडं राहतो. फायबर आलेलं नाही, मोबाइलला रोज दीड जीबी मिळतो. त्यावर टीव्ही चालेल का? नाहीतर दूरदर्शनची फ्री डिश लावू? आणि फ्री डिशवर भारताची मॅच दिसते, पण पाहुण्यांच्या केबलवर दूरदर्शन लावलं तर तीच मॅच दिसत नाही, हे काय गौडबंगाल आहे?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : दीड जीबीवर टीव्ही म्हणजे घागरीतल्या पाण्यावर ऊस. एचडी चित्राला तासाला तीन जीबीच्या आसपास लागतात, अर्ध्या तासात तुमचा दिवस संपला.

फ्री डिशच लावा. छत्री, म्हणजे डिश, आणि डबा एकदाच घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. ती जीसॅट-१५ वर चालते आणि आपल्याकडनं छत्रीचं तोंड आग्नेयेकडं येतं. घरावर जुनी दुसऱ्या कंपनीची छत्री असली तर तीच फिरवून घेता येते का, ते बसवणाऱ्याला आधी विचारा. सह्याद्री दिसेल, बातम्या दिसतील. पैशाच्या मराठी वाहिन्या तिथं नाहीत, त्या मालिकांसाठी ती घेऊ नका.

मॅचचं असं आहे. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण ते दूरदर्शननं आपल्या स्वतःच्या मनोऱ्यांवरनं आणि फ्री डिशवरनंच दाखवायचं, केबलवाल्यांना द्यायचं नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली दिला. म्हणून पाहुण्यांच्या केबलवर त्या वेळी दुसरंच काहीतरी चालू असतं. आयपीएल मात्र ह्यात नाही, तिची वाट बघू नका.

तुमच्याकडच्या पावसाचं तेवढं ध्यानात ठेवा. आभाळ फाटल्यासारखा लागला की छत्रीच्या चित्राचे चौकोन चौकोन पडतात. डबा बिघडला म्हणून लगेच मिस्त्रीला बोलावू नका. पाऊस ओसरला की चित्र येतं, आणि मिस्त्री तसाही पाऊस ओसरल्यावरच येणार.