पोहणाऱ्या मुलांचा दम, ताकद आणि खांदा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बडोद्यात लालबाग, सरदारबागच्या तलावांवर गर्दी होते आणि माझ्याकडे दरवर्षीचेच प्रश्न येतात. एकदाच सगळ्यांना उत्तर देते.

मुलगा १२ वर्षांचा आहे. आजोबा म्हणतात, वजनं उचलली तर उंची खुंटते. खरं का?

नाही. जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या जुन्या आखाड्याच्या गावात तरी ही भीती नको. जोर मारताना मूल स्वतःच्या शरीराचं वजनच उचलत असतं. सुरुवात तिथूनच करा. लोखंडाला हात लावण्याआधी क्रीडावैद्यांना विचारा आणि शिकवणारा जाणता असू द्या.

मुलगी ५० मीटरला पहिली येते, पण १०० मीटरला शेवटी मागे पडते. जिम लावू का?

जिमने हे सुटणार नाही. अर्ध्या मिनिटाची शर्यत जोरावर निभावते. मिनिटापुढे गेली की जवळपास निम्मी ऊर्जा प्राणवायूच्या जोरावर मिळावी लागते. तो दम नसला की कोपर पडतो, कंबर बुडते, पाण्याचा अडथळा वाढतो आणि उरलीसुरली ताकद त्याच्याशी झगडण्यातच जाते. आठवड्यातलं बरंचसं पोहणं सौम्य वेगाचं हवं. आखणी प्रशिक्षकांसोबत करा. पायांची ताकद उडीला आणि टर्नला, म्हणजे भिंतीपाशी वळताना, नक्की कामी येते, पण ते पुढचं. दम लागताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

दुकानदाराने प्रोटीन पावडरचा डबा सुचवलाय. देऊ?

नको. डब्यावरचा पिळदार दंड मोठ्या माणसाचा असतो. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा ताळमेळ सुधारल्यामुळे. दूध, डाळ, अंडी, शेंगदाणे द्या. मूल नीट जेवत नसेल तर आहारतज्ज्ञांकडे जा, दुकानात नको.

१३ वर्षांच्या मुलाचा खांदा दोन महिने दुखतोय. 'पोहणाऱ्यांचा दुखतोच' असं सगळे म्हणतात. स्पर्धा झाल्यावर दाखवू का?

दोन महिने! हे वाक्य ऐकून ऐकून मी थकले आहे. २५ मीटरच्या तलावात ४ किलोमीटर म्हणजे १६० फेऱ्या. फेरीला २० हात धरले तर एका सरावात ३,२०० वेळा हात फिरतो, म्हणजे प्रत्येक खांदा १,६०० वेळा. मुलगे साधारण याच वयाच्या आसपास भराभर उंच होतात. हाडं लांबतात, स्नायू मागे राहतात, खांद्यामागच्या चपट्या हाडाभोवतीची ताकद अपुरी पडते. त्यातच कोणीतरी हाताला पॅडल (तळव्यावर बांधायची प्लास्टिकची पाटी) बांधून 'ताकद वाढव' म्हणतं आणि दुखऱ्या खांद्यावरचा भार आणखी वाढतो. घरी बाम चोळला जातो, दुखणं झाकलं जातं, सराव चालूच. खांदा दुखणं हा पोहण्याचा भाग नाही, ती तक्रार आहे. पॅडल आजच बंद करा. ज्या हालचालीने दुखतं ती थांबवा. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. स्पर्धेत उतरायचं की नाही, हे तपासणीनंतर तेच सांगतील. वेळेवर आलेली मुलं बहुतेकदा व्यायामाने आणि थोड्या विश्रांतीने बरी होतात. उशिरा आलेल्यांचा सबंध मोसम जातो.

तलाव बंद असताना रोज धावलं तर चालेल?

चालेल, पण तेवढ्यावर भागणार नाही. पाण्यात श्वास हाताच्या तालावर घ्यावा लागतो, तो रस्त्यावर शिकता येत नाही.