इस्लामी बँकेचा ताळेबंद वाचताना
इस्लामी व्यापारी बँकेचे केवळ भांडवल पर्याप्तता प्रमाण (जोखमीच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल किती, हे सांगणारा आकडा) पाहून मत बनवू नका, असे मी नव्या अभ्यासकाला आग्रहाने सांगेन. मुदारबा तत्त्वावरील, म्हणजे पैसा खातेदाराचा आणि तो गुंतवण्याचे काम बँकेचे अशा भागीदारीच्या, गुंतवणूक खात्यांत व्याज नसते. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो आणि बँकेचा हलगर्जीपणा नसेल, तर तोटा खातेदाराने सोसायचा असतो. प्रत्यक्षात मात्र खातेदार पैसे काढून नेतील या धास्तीने बँका आपल्या वाट्याचा नफा सोडतात किंवा नफा समतोल राखण्यासाठी बाजूला ठेवलेल्या राखीव निधीतून भर घालतात. म्हणून बँकेची कमाई घटत असतानाही खातेदारांचा परतावा वर्षानुवर्षे तसाच दिसला, तर तो निधी किती आटला आहे, हे ताळेबंदाच्या टिपांत शोधा, कारण पुढचा भार भागधारकांवरच येतो. क्वालालंपूरस्थित इस्लामिक फायनान्शियल सर्व्हिसेस बोर्डाच्या भांडवलविषयक निकषांत या जोखमीसाठी ‘अल्फा’ हा, खातेदारांच्या जोखमीचा किती वाटा भागधारकांवर येतो ते दाखवणारा, घटक धरलेला आहे. थकीत वित्तपुरवठ्याचे प्रमाण तर पाहावेच. मुराबाहात, म्हणजे बँक वस्तू विकत घेऊन ठरलेल्या नफ्यासह ग्राहकाला उधारीवर विकते त्या व्यवहारात, एकदा ठरलेली किंमत वाढवता येत नाही आणि उशिराचा दंड घेतलाच, तर तो सहसा दानधर्माकडे वळवावा लागतो, त्यामुळे वसुली लांबली की नफ्याला थेट झळ बसते. बँकेचे व्यवहार इस्लामी नियमांना धरून आहेत का, हे तपासणाऱ्या शरिया मंडळाचा अहवालही वाचा.